फिरकी किती दिवस धरायची?

संक्रांत जवळ आली की महिला मंडळांच्या बैठकीत एकच विषय असतो, यंदा वाण काय लुटायचं? गाळणी झाली, साबणाच्या डब्या झाल्या, प्लास्टिकचे डबे झाले. प्रत्येकीच्या घरात या वस्तूंचा एक कप्पा भरलेला आहे आणि त्यातलंच काही पुढच्या वर्षी दुसरीकडे लुटलं जातं, हेही आपण सगळ्या जाणतो. मी यंदा वेगळं सुचवणार आहे. पाच-सहा जणींनी मिळून एक मोठा पतंग घरी तयार करावा आणि तो आपणच उडवावा. मोठा म्हणजे पाच फूट उंच आणि चार फूट रुंद.

तुम्ही म्हणाल, हे काय नवीन खूळ? पतंग उडवायचं का आपलं वय आहे? वयाचं नंतर बघू. आधी आपल्या गावात संक्रांतीला काय होतं ते बघा. जुलै २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांज्यावर देशभर बंदी घातली. तरीही दरवर्षी तो गुपचूप विकला जातो आणि आपलीच मुलं तो खिशात घालून घरी आणतात. दुचाकीवरून जाणाऱ्याचा गळा चिरला, पोराचं बोट कापलं, बगळा तारेला लटकून मेला, या बातम्या आता आपल्याला पाठ झाल्या आहेत. आमच्या मंडळातल्या एका ताईंचा मुलगा कामावरून घरी येत होता. मफलर होता म्हणून गळा वाचला, पण हनुवटीला टाके पडले. त्या ताई तेव्हापासून संक्रांतीच्या आठवड्यात मुलाला दुचाकी काढू देत नाहीत. सण आला म्हणून घरात कोंडून बसायचं, याला सण म्हणायचं का?

नुसतं 'नायलॉन मांजा वापरू नका' असं सांगून भागत नाही. शाळाशाळांतून मुलांना शपथा देऊन झाल्या. मुलांना काटाकाटी हवी असते आणि काटाकाटीला धारदार दोरा लागतो. ज्याचा दोरा जास्त धारदार तो जिंकणार, हा खेळाचा नियम असेल तर बंदीतून वाट काढली जाणारच. म्हणून माझं म्हणणं आहे, की पतंग काटण्याचा जसा खेळ आहे तसा पतंग नुसता वर ठेवण्याचाही खेळ असतो, हे मुलांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. आणि ते आपण दाखवावं.

आता आपल्याविषयी. आठवून बघा, लहानपणी गच्चीवर भाऊ पतंग उडवायचा आणि आपण फिरकी धरायचो. 'ढील दे', 'गुंडाळ' एवढंच तो आपल्याशी बोलायचा. पतंग काटला की जल्लोष त्याचा आणि गुंता सोडवायचं काम आपलं. आज मुली पोलीस भरतीसाठी पहाटे धावायला जातात, पण संक्रांतीला गच्चीवर गेल्या की फिरकी त्यांच्याच हातात येते. यात भावांचा दुष्टपणा नाही. बाजारात मिळणारा छोटा पतंग मुळात अस्थिर असतो. दोरा सैल सोडला की तो गरगरतो, ओढला की टोक असेल त्या दिशेने सुटतो. लढाईला हेच उपयोगी पडतं. वारा कमी असेल तर त्याला सतत हिसके देत वर ठेवावं लागतं आणि ते कसब वर्षानुवर्षांच्या सरावाने येतं. मुलींना तो सराव मिळतच नाही, मग 'तुला जमत नाही, दे इकडे' हे ओघानंच येतं.

मोठ्या कमानदार पतंगाचं तसं नाही. तो एकदा वर गेला की आपला आपण उभा राहतो. कोकणात मोठ्या पतंगाला वावडी म्हणतात. 'वावड्या उठल्या' हे आपण म्हणतो ते तिच्यावरूनच. बायका वावड्या उठवतात असा आपल्यावर जुना आरोप आहेच, तर एकदा खरीखुरी उठवून बघायला काय हरकत आहे?

वावडीचे आकार निरनिराळे असतात. आम्ही गेल्या वर्षी केली ती मात्र जपानी मापाची, कारण ते माप शिवणकाम येणाऱ्या बाईला सगळ्यात सोपं. जपानच्या निईगाता भागातल्या या सहा कोनी पतंगाला तिकडे रोक्काकु म्हणतात, म्हणजे षट्कोनच. (तेही लोक याने लढतात बरं का. पण आपण सगळंच उचललं पाहिजे असं नाही.) साठ इंच उंचीची मधली रेघ आखायची. वरच्या टोकापासून बारा इंचांवर आडवी अठ्ठेचाळीस इंचांची रेघ, खालच्या टोकापासून बारा इंचांवर तेवढीच दुसरी. टोकं जोडली की षट्कोन तयार. शिवणीसाठी चहूबाजूंनी एक इंच जास्त ठेवा. कापडाचा पन्ना पन्नास इंच असेल तर जोडसुद्धा द्यावा लागत नाही.

कापड कुठलं? जुनी साडी चालेल का, हा पहिला प्रश्न प्रत्येकीने विचारला. कापड ओठांना लावून जोरात फुंकर मारा. पलीकडच्या हाताला वारा लागला तर ते कापड बाद. जॉर्जेट, शिफॉन, सुती वॉईल यांतून वारा गाळणीसारखा निघून जातो. छत्रीचं पातळ कापड किंवा पिशव्यांच्या आत लावतात ते टॅफेटाचं अस्तर उत्तम. पतंगाच्या कागदाचे ताव खळीने चिकटवले तर वजन आणखी कमी होतं, पण एका काट्यात सगळं संपतं.

कमी वाऱ्यात उडायचं तर सगळा खेळ वजनाचा आहे. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्याचा जोर निम्मा होत नाही, चौथाईवर येतो. म्हणून त्याला धरायला जास्त कापड हवं आणि ते कापड ताणून धरणाऱ्या काड्या मात्र हलक्या हव्यात. आमच्या पतंगाचं क्षेत्रफळ सोळा चौरस फूट आणि वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर २२० ग्रॅम भरलं. मोठा वाटीभर साखर म्हणा ना!

काड्या तीन. पाच फुटांचा एक कणा आणि चार फुटांच्या दोन आडव्या कामट्या. टोपल्या-सुपं विणणाऱ्या मावशींकडून वाळलेल्या बांबूच्या चिरून घ्याव्यात, करंगळीच्या नखाएवढ्या रुंद. इथे घाई नको. आडवी कामटी बरोबर मध्यावर बोटावर तोलून धरा. जी बाजू खाली जाईल ती सुरीने तासा. मग वाकवून बघा, दोन्ही हात सारखे वाकले पाहिजेत. एक बाजू कडक आणि एक मऊ राहिली तर पतंग जन्मभर एकीकडे कलतो आणि शेपट्या लावूनही सुधारत नाही. आमच्याकडे या एका कामाला दोन दुपारी गेल्या.

सहा कोपऱ्यांना जुन्या जीन्सचे छोटे कप्पे शिवायचे, त्यात काड्यांची टोकं बसतात. काड्या कापडाच्या पाठीमागे राहतात आणि छेदतात तिथे दोऱ्याने बांधतात. मग आडव्या कामट्यांना धनुष्यासारखी दोरी लावायची, मध्यावर पाच-सहा इंच पोट सुटेल इतकी. कामट्यांची टोकं वाऱ्यापासून मागे झुकली पाहिजेत. या कमानीमुळेच पतंग शेपटीशिवाय स्थिर राहतो. कापडाच्या पुढच्या बाजूने चार दोऱ्या, प्रत्येक आडव्या कामटीवर कण्यापासून फूटभर डावीकडे आणि फूटभर उजवीकडे, पाच-सहा फूट लांब, आणि चारही एका गाठीत. ही गाठ फार खाली आली तर पतंग वाऱ्यापुढे उभा ठाकतो, ओढतो खूप पण चढत नाही. फार वर गेली तर तो आडवा होऊन फडफडतो आणि तोंडावर पडतो. एकेका बोटाने सरकवत जागा शोधायची.

दोरा मात्र जाड सुती हवा. गोधडीचा दोरा दुहेरी पीळ देऊन आम्ही वापरला. पाण्याने भरलेली वीस लिटरची बादली त्याला बांधून उचलून बघा. तुटला तर तिसरा पदर घाला. नायलॉन नको आणि काचही नको. असा दोरा लांबून दिसतो आणि कुणाचा गळा कापत नाही. पण हात पोळू शकतो, म्हणून हातमोजे घाला. गुंडाळायला आम्ही जुनं लाटणं घेतलं, त्यावरून घरोघरी काय काय विनोद झाले ते सांगत नाही.

हे काम करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि खरं तर तेवढ्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. हळदीकुंकवाला आपण कितीही मोठी यादी केली तरी काही नावं तिच्यात येत नाहीत. यजमान गेलेल्या बायका. आमच्या गल्लीत एक काकू आहेत, पिशव्या शिवून संसार केला त्यांनी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत त्या संध्याकाळचं दार लावून घेत, कारण शेजारणी नटूनथटून जाताना बघायचं आणि हाक मात्र यायची नाही. पतंगाचे कप्पे त्यांच्याइतके नेटके शिवणारं मंडळात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्या आल्या आणि शिवून झाल्यावर परत गेल्या नाहीत. आम्ही त्यांना हळदीकुंकवाचं बोलावणंही करू लागलो आहोत, पण मंडळातल्या दोघी-तिघींना ते अजून पटत नाही, हे लपवून कशाला ठेवू? पतंगाला मात्र कुणी हरकत घेतली नाही. हक्काने हाक मारावी असं काम हातात असलं की रीतीभाती थोड्या बाजूला सरकतात, असा माझा अनुभव आहे.

उडवायला वारा किती हवा? चेहऱ्याला हलका वारा जाणवतो आणि झाडांची पानं सळसळतात, एवढा पुरे, म्हणजे ताशी सहा ते अकरा किलोमीटर. फक्त पिंपळाकडे बघून ठरवू नका, त्याची पानं जरा जास्तच उत्साही असतात. धावायचं नाही. एकीने शंभर पावलांवर पतंग उभा धरायचा, दुसरीने दोरा ताणून हातावर हात ओढत घ्यायचा. जमिनीलगत वारा अडखळतो, घरांच्या उंचीच्या वर गेला की पतंग आपोआप स्थिरावतो. आमचा तिसऱ्या खेपेला चढला. दोरा नववीतल्या एका मुलीच्या हातात होता आणि ती ओरडली, "काकू, हा मलाच ओढतोय!" तिचा भाऊ शेजारी लाटणं धरून उभा होता.

गच्चीवरून मात्र हे करू नका. मागे सरकताना कठडा लक्षात येत नाही आणि विजेच्या तारा जवळ असतात. तारेत अडकला तर पतंगावर पाणी सोडावं, काढायला जाऊ नये. आकाशात ढग गडगडत असतील तर काढूच नये. सूर्य मावळायच्या आत खाली घ्यावा, कारण तेव्हा बगळ्यांचे थवे घरी निघतात.

खर्चाचं म्हणाल तर कापड, बांबू, दोरा मिळून आमचे पाचशेच्या आत भागले, ते पाच जणींत. काड्या काढल्या की पतंग गुंडाळून कपाटावर राहतो. खरी अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे मोकळी जागा. गावात एकच मैदान आणि तिथे रोज दुपारी चारपासून क्रिकेट. मुलं वाईट नाहीत, पण चार बायका आणि सहा मुली पतंग घेऊन आल्या की 'किती वेळ लागेल?' असं विचारतात, जसं काही मैदान त्यांनी विकत घेतलं आहे. गेल्या वर्षी आम्ही नदीच्या पात्रात गेलो, जाऊन-येऊन तासभर मोडला. यंदा मंडळाने नगरपालिकेकडे लेखी अर्ज दिला आहे, की संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रविवारी चार ते साडेपाच हे मैदान मुलींसाठी मोकळं ठेवावं. खाली एक्केचाळीस सह्या आहेत, त्यात काकूंची पहिली. पोच मिळाली आहे, उत्तर यायचं आहे. तुमच्या गावातही मैदान एकच असेल, तर अर्ज आताच टाका.