शुगर विचारा की राव!

मंडळी, टॅटूला माझा अजिबात विरोध नाही. आपल्या आज्यांच्या कपाळावर गोंदण होतंच की! माझं भांडण आहे ते सुई टोचण्याआधी न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांशी.

चिंचवड-निगडीत मी पाहिलेले टॅटूवाले डिझाईन विचारतात, अ‍ॅडव्हान्स विचारतात. शुगर किती? गोळ्या कुठल्या? अंहं! आणि गिऱ्हाईक तरी कुठे सांगतंय? "गोळी चालू आहे, म्हणजे शुगर नाहीच" हे आपलं लाडकं तर्कशास्त्र. अहो, टॅटू म्हणजे हजारो टोच्यांची जखम. शुगर वाढलेली असली की ती भरायला वेळ लागतो, पू व्हायचा धोका वाढतो. स्टिरॉइडच्या गोळ्यांचंही तेच. वॉरफॅरिन, अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर रक्त लवकर थांबत नाही. (म्हणून हुशारी करून ती गोळी परस्पर बंद करू नका हं, ते जिवावर बेतेल.)

त्यात आपली चाकणची पोरं! रविवारी टॅटू, सोमवारी फर्स्ट शिफ्ट. सीएनसीवर कूलंटचे शिंतोडे, घाम, वर घासणारी बाही. खाज सुटली की मेडिकलमधून स्टिरॉइडचं मलम. अशा बऱ्याच मलमांना २०१८ मध्ये डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची झाली, पण विचारतो कोण? १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती याच पिंपरीत, बरं का!

काही डॉक्टरही कमाल करतात. टॅटू म्हटलं की थेट संस्कारांवर घसरतात. मग पोरं आधी विचारायला जातीलच कशाला? जातात ती हात सुजल्यावर.