फुलं कापायलाच लावा!

‘फुले तोडू नयेत’ ही पाटी सार्वजनिक बागेत असावी, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तिथे रोज शेकडो माणसं येतात, प्रत्येकाने एकेक फूल नेलं तर संध्याकाळपर्यंत नुसते खराटे उरतील. मान्य. पण हीच पाटी आपण घरच्या बागेत, टेरेसवर, अगदी बाल्कनीतल्या सहा कुंड्यांतसुद्धा मनातल्या मनात ठोकून ठेवली आहे, ते काही मला झेपत नाही. स्वतः वाढवलेल्या झाडाचं फूल कात्रीने कापून टेबलावर ठेवा, घरातलं कोणीतरी म्हणणारच, "अरे, झाडावर किती छान दिसत होतं!" हो, दिसत होतं. पण कोणाला? आपण सकाळी आठला बाहेर पडतो आणि अंधार पडल्यावर परत येतो. दिवसभर ती फुलं बघायला बाल्कनीत फक्त कबुतरं असतात.

गंमत म्हणजे देवाला या नियमातून सूट आहे. पहाटे आकडा लावलेली काठी आणि पिशवी घेऊन लोकांच्या कंपाउंडवरून जास्वंद ओढणारे काका प्रत्येक गल्लीत एक तरी असतात (पुण्यात दोन). देवाला वाहिलेलं फूल सत्कारणी लागलं, आणि आजारी आजीच्या उशाशी ठेवलेलं वाया गेलं, हे लॉजिक मला आजतागायत कोणी समजावून सांगू शकलेलं नाही.

माझ्या मते खरी गोची ही आहे की आपल्याकडे फूल तोडणं म्हणजे त्याचं मुंडकं तोडणं. पूजेला, हाराला, गजऱ्याला देठ लागतच नाही. त्यामुळे लांब देठासकट, खालच्या पानाच्या जोडीवर नेमकं फूल कापायचं, ही सवयच हाताला नाही. आणि झाडाच्या दृष्टीने तोच तर सगळा मुद्दा आहे. शेंड्याला तयार होणारं ऑक्झिन खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे फुटतात, एका काडीच्या दोन होतात. झेंडूचा शेंडा शेतकरी खुडतो तो याचसाठी. शिवाय झिनिया, कॉसमॉस, झेंडू ही हंगामी झाडं. बी धरलं की त्यांच्या दृष्टीने प्रोजेक्ट डिलिव्हर झाला, टीम रिलीज! फुलं झाडावरच वाळू दिलीत तर महिनाभरात झाड म्हातारं होतं. दर दोन-तीन दिवसांनी कापत राहिलात तर बिचारं फुलतच राहतं. म्हणजे ज्याला आपण झाडावरची दया समजतो, ती खरं तर बाग लवकर बंद पाडायची सोय आहे.

सगळ्याच झाडांना हे लागू नाही, बरं का. चायना अ‍ॅस्टर एकदाच बहरतो, कापलात म्हणून पुन्हा तसा भरभरून येत नाही; त्याचं बी दर पंधरा-वीस दिवसांनी थोडं थोडं पेरावं लागतं. ग्लॅडिओलसची दांडी कापताना खाली चारेक पानं ठेवावीच लागतात, नाहीतर पुढच्या वर्षीचा कंद पोसत नाही. खालची एक-दोन फुलं रंग दाखवू लागली की दांडी कापायची, बाकीची पाण्यात उमलतात. निशिगंधाचंही साधारण तेच. झिनिया मात्र पूर्ण उमलल्यावरच. फुलाच्या वीतभर खाली देठ धरून हलवून बघायचा. मान लटपटली तर अजून दोन दिवस थांबा, ताठ राहिली तर लावा कात्री.

"मग विकतचा बुके काय वाईट?" हा प्रश्न येणारच. फुलवाल्याकडे तेच फूल मिळतं जे ट्रक आणि कोल्ड स्टोरेज सोसतं. झिनियाला जास्त गारवा मानवत नाही, कॉसमॉसच्या पाकळ्या प्रवासात टिकत नाहीत, म्हणून ते तिथे सहसा दिसतच नाहीत. गुलाबात टिकाऊपणा आणि लांब देठ निवडत गेले, आणि वास मागे पडला. वाढदिवसाला आलेल्या गुलाबांना नाक लावून बघा, फ्रिजचा वास येईल. आणि टोपलीच्या तळाशी तो हिरवा फोम! तो चक्क प्लॅस्टिक आहे, कुजत नाही, चुरा होऊन मातीत आणि पाण्यात जातो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत तो बंद केला. आपल्याकडे मात्र आपण तो फुलांसकट कचऱ्यात टाकतो, तोही ओल्या कचऱ्यात.

यात मावळातल्या पॉलिहाउसवाल्यांच्या पोटावर पाय द्यायचा प्रश्नच नाही. जरबेरा आणि डच गुलाब त्यांनीच करावेत, बाल्कनीत तो खटाटोप कोण करणार! मी म्हणतोय ते बाजारात न येणाऱ्या फुलांबद्दल.

आता आमच्या सोसायटीचं. कमिटीकडे मी पार्किंगच्या कडेचा दहा फूट बाय तीन फुटांचा वाफा मागितला. सहा तास ऊन, सध्या तिथे फक्त कुंपणाची छाटलेली झुडपं. उत्तर आलं, "मग सगळेच फुलं तोडतील." अहो, त्यासाठीच तर लावायची आहेत! दर महिन्याला कंत्राटदाराचा माणूस येऊन मशीनने त्या झुडपांची फुलंकळ्यांसकट हजामत करतो आणि पोती भरून कचऱ्याच्या गाडीत घालतो. त्याला कोणी अडवत नाही, कारण त्याचं बिल येतं. कात्री घेऊन गेलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना मात्र नोटीस बोर्डावर समज.

असो. तूर्तास टेरेसवर दोन क्रेटमध्ये झिनिया पेरलाय. बी टाकल्यापासून साधारण दोन महिन्यांत पहिलं फूल येतं. सकाळी ऊन चढायच्या आत कापायचं, लगेच पाण्यात, पाण्याखाली येणारी पानं काढून टाकायची, रोज पाणी बदलायचं. फुलदाणी केळ्यांच्या शेजारी ठेवू नका, पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीनने फुलं लवकर मान टाकतात. आणि कमिटीच्या पुढच्या मीटिंगला पहिली जुडी मी सेक्रेटरींच्या टेबलावरच ठेवणार आहे, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीसकट.