आपलेच कागद, परक्याची परवानगी

ज्याच्या हाती कागद आहे त्याला तो वाचता यावा, आणि वाचण्यासाठी कागद करणाऱ्याची किंवा शाई विकणाऱ्याची अनुज्ञा त्याला मागावी लागू नये, ही गोष्ट आजवर इतकी स्वाभाविक मानली गेली की, तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा असे कोणत्याही राज्यकर्त्याच्या मनात आले नाही. खरेदीखत असो, इनामाची सनद असो वा लेकीने सासरहून धाडलेले खुशालीचे पत्र असो, ते एकदा ज्याचे त्याच्या पदरी पडले म्हणजे वाचण्याचा, दुसऱ्यास दाखविण्याचा आणि जपून ठेवण्याचा अधिकार त्या ताब्याबरोबरच येत असे. गेल्या काही वर्षांत मात्र हा अधिकार आपल्या हातून निसटत चालला आहे. स्वतःच्या संगणकात वा मोबाइलमध्ये असलेली स्वतःचीच साधी फाइल उघडू जावे, तर आधी खाते काढा, ईमेल द्या, मोबाइल क्रमांक द्या, आलेला ओटीपी भरा, अटी मान्य करा आणि मग वाचा, असा हुकूम सुटतो. ही अट अन्यायाची आहे, तांत्रिकदृष्ट्या अनावश्यक आहे, आणि तिला वेळीच विरोध झाला नाही तर आपल्या घरगुती आणि सरकारी दप्तराचा खरा ताबा परक्यांकडे जाईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा उपद्रव क्षुल्लक आहे असे म्हणणाऱ्यांनी तो कोणाच्या वाट्याला येतो हे पाहावे. ज्यांचा दिवस संगणकासमोर जातो आणि ज्यांची खाती सदैव उघडी असतात, त्यांना एखादे बटण अधिक दाबावे लागते इतकेच. परंतु ज्या घरात चार माणसांत एकच मोबाइल क्रमांक चालतो, ज्या वृद्धाचे खाते दूर शहरात नोकरी करणाऱ्या पुतण्याने काढून दिले आणि पासवर्डही त्या पुतण्यालाच ठाऊक आहे, ज्या बाईचा जुना क्रमांक रिचार्जअभावी बंद पडला आणि ओटीपी मात्र अजून त्याच क्रमांकावर जातो, त्यांचा मार्ग तेथेच खुंटतो. निवृत्तिवेतनाचा आदेश, रुग्णालयाचा अहवाल, बँकेने पाठविलेला खातेउतारा ही कागदपत्रे त्यांच्याच हातातल्या यंत्रात असतात आणि तरीही त्यांना ती वाचता येत नाहीत. त्यातून इंटरनेट बंद असले म्हणजे पासवर्ड पाठ असूनही उपयोग नसतो. कारण तो खरा की खोटा हे ठरविणारे यंत्र दुसऱ्याच कुठल्या तरी देशात असते.

तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात थोडा वेळ उभे राहिले, म्हणजे या प्रश्नाचे अधिक गंभीर अंग दिसते. गिऱ्हाईक पेनड्राइव्हवर फाइल घेऊन येते, दुकानातील सॉफ्टवेअर ती दाखविण्यापूर्वी साइन इन करण्यास सांगते, आणि मागे माणसे खोळंबलेली असल्यामुळे दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर दुकानदार आपल्या खात्यातून ती फाइल उघडतो, आणि मग एखाद्याचा जातीचा दाखला किंवा एखादीच्या आजाराचा तपशील त्या तिऱ्हाइताच्या खात्यात साठून राहण्याचा धोका उत्पन्न होतो. नाही तर गिऱ्हाईकच आपला पासवर्ड परक्या संगणकावर टाइप करते आणि घाईत साइन आउट न करता घरी जाते. सुरक्षिततेचे कारण सांगून घातलेली अट अशा रीतीने, ज्याला सुरक्षिततेची सर्वांत अधिक गरज आहे, त्यालाच उघड्यावर आणते.

बरे, फाइल उघडण्यासाठी खाते अपरिहार्यच आहे असे शास्त्र सांगत असते, तर हा त्रास आपण निमूटपणे सोसला असता. परंतु पीडीएफ या सर्वपरिचित स्वरूपाचा इतिहासच त्याविरुद्ध साक्ष देतो. ॲडोबी कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ साली ज्या कल्पनेचे टिपण लिहिले, तिचा गाभा असा होता की, एका यंत्रावर तयार झालेला कागद दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर जसाच्या तसा दिसावा आणि छापता यावा. १९९३ मध्ये हे स्वरूप बाजारात आले तेव्हा ते वाचण्याच्या सॉफ्टवेअरलाही दाम मोजावे लागत. पुढे ते दाम रद्द होऊन वाचणे विनामूल्य झाले, आणि त्याच्या जगभर झालेल्या प्रसाराचे एक मोठे कारण हेच होय. २००८ मध्ये त्याला आयएसओ ३२००० हे आंतरराष्ट्रीय प्रमाणकाचे रूप मिळाले, म्हणजेच त्याची अंतर्गत रचना अभ्यासून ते वाचणारे सॉफ्टवेअर लिहिण्याची मुभा सर्वांना झाली. फायरफॉक्स हा ब्राउझर २०१३ पासून पीडीएफ स्वतःच उघडून दाखवितो. लिबर ऑफिस हे विनामूल्य सॉफ्टवेअर, २००६ मध्ये आयएसओची मान्यता मिळालेल्या ओडीएफ स्वरूपातील आणि इतरही बहुतेक प्रचलित स्वरूपांतील कागद उघडते. आणि यांपैकी कोणीही त्यासाठी आपले नाव-गाव विचारीत नाही. तेव्हा फाइल उघडण्याच्या क्रियेला खात्याची मुळीच आवश्यकता नाही. ती आवश्यकता विक्रेत्याने निर्माण केली आहे.

ती त्याने का निर्माण केली, हेही समजून घेतले पाहिजे. ॲडोबीने २०१३ साली आपली चित्रकलेची व मुद्रणाची सॉफ्टवेअरे एकदाच किंमत घेऊन विकण्याची जुनी पद्धत सोडून वर्गणीची पद्धत धरली, आणि इतर मोठ्या कंपन्याही कमीअधिक प्रमाणात त्याच वाटेने गेल्या. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ ची घरगुती आवृत्ती तर नवा संगणक प्रथम सुरू करतानाच कंपनीचे खाते मागते. जेथे वस्तू विकली जात नाही, नुसता तिचा वापर भाड्याने दिला जातो, तेथे भाडेकरूची नोंद ठेवणे ओघानेच आले, आणि त्या नोंदीबरोबर तो काय उघडतो, केव्हा उघडतो, कोठून उघडतो हे जाणण्याची सोयही झाली. या कंपन्यांची बाजू न्यायाने ऐकली पाहिजे. दोन माणसांनी दूर राहून एकच मजकूर लिहायचा असेल, किंवा फाइल कंपनीच्या साठवणीत ठेवून अनेक यंत्रांवर पाहायची असेल, तर खाते मागणे रास्तच आहे. सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतींमुळे त्यांचे नुकसान होते, हेही खोटे नाही. परंतु वाचण्याचे जे सॉफ्टवेअर मुळातच विनामूल्य वाटले जाते, तेथे चोरीचा प्रश्न उद्भवत नाही. वर्गणी संपल्यावरही फाइल वाचू व छापू देण्याची सोय काही सॉफ्टवेअरांत आहे, याचे श्रेय ज्यांचे त्यांना द्यावे. मात्र ती सवलत आहे, हक्क नव्हे, आणि सवलत ज्याने दिली त्याला ती काढूनही घेता येते. सुताराने पेटी करून दिली, तिचे दाम चुकते करून घेतले, आणि पुढे दर वेळी पेटी उघडण्यापूर्वी आपल्या घरी येऊन नाव नोंदवून जावे अशी अट घातली, तर ती कोणत्याही गावाने ऐकून घेतली नसती.

या अटीचे पर्यवसान कशात होऊ शकते, याची उदाहरणे आता काल्पनिक राहिलेली नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकी सरकारच्या एका आदेशाचा आधार सांगून ॲडोबीने व्हेनेझुएला या देशातील आपल्या सर्व ग्राहकांची खाती बंद करण्याचे जाहीर केले. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारी परवाना मिळून तो निर्णय फिरला हे खरे, परंतु तोवर त्या देशातील चित्रकारांना आणि मुद्रकांना स्वतःचेच काम उतरवून घेण्याची धावपळ करण्याचा इशारा मिळाला होता. आपल्याकडचे उदाहरण जुलै २०२५ मधील आहे. गुजरातमध्ये वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीत रशियन भांडवल असल्यामुळे युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले, आणि त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबविल्या. पैसे पूर्ण भरलेले असूनही आपलीच माहिती आपल्याला मिळेनाशी झाली, अशी तक्रार घेऊन त्या कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. भारताच्या भूमीवरील कारखान्याचे दप्तर, भारताने न घातलेल्या निर्बंधामुळे, एका परदेशी कंपनीच्या निर्णयाने बंद होऊ शकते, हा त्या प्रकरणाचा खरा बोध होय. नायराच्या पदरी निष्णात वकील होते आणि न्यायालयाचा दरवाजा तिला माहीत होता. ज्या शिक्षकाचे वा शेतकऱ्याचे खाते एखाद्या यांत्रिक तपासणीत संशयास्पद ठरून बंद पडते, त्याने कोणाकडे दाद मागावी?

कागद टिकतात ते पुढच्या पिढीसाठी, आणि पुढची पिढी आपला पासवर्ड घेऊन जन्मास येत नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या घराण्यांतील कागदांचे रुमाल सोडून पाहत होते, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध करीत होते, आणि १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन होत होते, तेव्हा त्या कागदांपुढे अडचणी पुष्कळ होत्या. कसर लागलेली होती, मोडी वाचणारे विरळ होत चालले होते, मालक संशयी होते. पुढे रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले तेही अशाच परिश्रमांतून. परंतु एकदा रुमाल सुटला की, डोळे आणि मोडीचे ज्ञान यांपलीकडे तिसऱ्या कशाची गरज उरत नसे; लिहिणारा कारकून दीडशे वर्षांपूर्वी वारला म्हणून कागद वाचता आला नाही, असे झाले नाही. आज आपण जे लिहीत आहोत त्याला हे भाग्य लाभेलच अशी खात्री देता येत नाही. याचा थोडा अनुभव मराठी मुद्रणसृष्टीला आलाही आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरांत ज्याची त्याची अक्षरांची सांकेतिक मांडणी निराळी असे, आणि त्यांपैकी कित्येकांना डीटीपीवाले ज्याला ‘लॉक’ म्हणत ते छोटे उपकरण संगणकाला जोडावे लागे. ते उपकरण बिघडले, तो फाँट हरवला, म्हणजे मोठ्या कष्टाने जुळविलेल्या पुस्तकाच्या जागी निरर्थक चिन्हांच्या ओळी दिसू लागत. ते लॉक निदान आपल्याच टेबलाच्या खणात असे. आताचे कुलूप दुसऱ्याच्या घरी आहे, आणि ती कंपनी बुडाली, विकली गेली किंवा तिने धोरण बदलले, तर आपल्याला नोटिशीपलीकडे काहीही मिळणार नाही.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने, नागरिकाची संमती स्वेच्छेची व बिनशर्त असली पाहिजे आणि ती सांगितलेल्या कामासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मर्यादित राहील, असे तत्त्व घालून दिले. त्या कायद्यातच एक दृष्टांत आहे: दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने मोबाइलमधील संपर्कांची यादी मागितली आणि वापरणाऱ्या व्यक्तीने होकार दिला, तरी सल्ल्यासाठी ती यादी आवश्यक नसल्यामुळे तो होकार तेवढ्यापुरता धरला जाणार नाही. हाच न्याय पुढे नेला, तर यंत्रात आधीच असलेला कागद नुसता दाखविण्यासाठी नाव, ईमेल आणि मोबाइल क्रमांक यांतील कोणती माहिती आवश्यक आहे, हे कंपन्यांना सांगावे लागेल. आणि प्रामाणिक उत्तर द्यायचे तर ‘कोणतीही नाही’ असेच द्यावे लागेल.

पण न्यायालयांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. ब्रिटिश सरकारने २०१४ मध्येच आपल्या कार्यालयांतील कागदपत्रांसाठी ओडीएफ आणि पीडीएफ यांसारखी मुक्त स्वरूपे ठरवून दिली. जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणक लिबर ऑफिसकडे वळविण्याचा निर्णय घेतला आणि त्यामागे स्वतःच्या माहितीवरील स्वतःच्या सत्तेचे कारण उघडपणे सांगितले. आपल्या केंद्र सरकारनेही नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी मुक्त प्रमाणकांचे धोरण जाहीर केलेले आहे. उणीव आहे ती त्याचा अंमल कचेरीच्या शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचविण्याची. शाळांनी मुलांना सूचना पाठविताना, बँकांनी उतारे पाठविताना आणि सहकारी संस्थांनी इतिवृत्ते पाठविताना, घेणाऱ्याला तो कागद खात्यावाचून उघडेल की नाही याची खात्री करून घेणे हे सौजन्य नसून कर्तव्य मानले पाहिजे. आपणही, जेथे पर्याय आहे तेथे खाते न मागणारे सॉफ्टवेअर वापरावे, आणि महत्त्वाच्या कागदांची एक प्रत मुक्त स्वरूपात स्वतःपाशी ठेवावी.

महाराष्ट्र शासनाकडे माझे मागणे याहून निश्चित आहे. शासन निर्णय काढणे ही येथील रोजची गोष्ट आहे. तसाच एक निर्णय काढून त्यात एवढे एकच कलम स्पष्ट शब्दांत घालावे की, शासनाने, महापालिकेने, ग्रामपंचायतीने किंवा अनुदानित संस्थेने नागरिकाला दिलेला कोणताही दस्तऐवज, एकदा त्याच्या हाती आल्यावर, कोठेही खाते न काढता त्याला वाचता, जपता आणि छापता आला पाहिजे, आणि या अटीत न बसणारे सॉफ्टवेअर सार्वजनिक पैशातून खरेदी केले जाणार नाही. या कलमाला फारसा खर्च नाही, त्यासाठी नवे शास्त्र शोधावयाचे नाही, आणि ज्याचा कागद त्याचा हक्क हे आपल्या व्यवहाराचे जुने सूत्र त्यामुळे नव्या यंत्रांनाही लागू होईल.