लॅपटॉप जागा, वायफाय झोपलेले

अकोल्याहून भाचीचा फोन आला तेव्हा आम्ही अमरावतीला वह्या तपासत होतो. "मामू, वायफाय परत गेलं! अर्जाची आज शेवटची तारीख आहे." शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धा भरून तिने मगरिबच्या नमाजसाठी लॅपटॉप मिटला होता. उघडला तर पडदा जिथल्या तिथे, वायफाय गायब. घरातल्या मोबाइलवर मात्र सुरळीत.

हा लॅपटॉप आमचाच जुना. विंडोज १० ची मोफत सुरक्षा अद्यतने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली, विंडोज ११ त्याला पेलेना, म्हणून आम्हीच त्यावर लिनक्स टाकून दिला. आता दुल्हाभाई म्हणत होते, भंगारात द्या, पुढच्या वर्षी नवा पाहू. तोवर पोरीने अभ्यास कशावर करायचा?

आधी अर्ज. बंद करून पुन्हा सुरू करू नकोस, भरलेले जाईल, असे बजावले. भावाचा मोबाइल केबलने जोडून मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करायला लावले. इंटरनेट आले, अर्ज गेला. लिनक्सवर बहुधा यासाठी वेगळे काही बसवावे लागत नाही. वाचकांनी ध्यानात ठेवावे.

इशानंतर मूळ दुखण्याकडे वळलो. झाकण मिटले की लॅपटॉप झोपतो. मेमरीला थोडी वीज मिळत राहते, म्हणून उघडी पाने तशीच सापडतात. बाकी बहुतेक भागांची वीज तुटते किंवा अगदी कमी होते. जागे झाल्यावर वायफायच्या कार्डाला कामाला लावायचे काम ड्रायव्हर नावाच्या छोट्या प्रोग्रामचे. तो अडखळला की कार्ड असून नसल्यासारखे. म्हणजे कार्ड जळालेले नसते आणि लिनक्स पुन्हा टाकायचीही गरज नसते.

पहिल्यांदा विमान मोड चुकून लागला नाही ना, ते पाहिले. मग टर्मिनल उघडून 'सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट नेटवर्कमॅनेजर'. (हुकूम इंग्रजी अक्षरांतच द्यायचे, नेटवर्कमधला एन आणि मॅनेजरमधला एम मोठा, लिनक्सला लहान-मोठे अक्षर वेगळे दिसते.) पासवर्ड मागितला आणि पोरगी घाबरली, "मामू, कीबोर्डपण गेला!" सुडोचा पासवर्ड टाइप करताना पडद्यावर बहुधा काहीच उमटत नाही, हे सांगायचे आमच्याकडूनच राहिले होते.

तरी वायफाय येईना. मग 'एलएसपीसीआय', जागा सोडून आडवी रेघ आणि के. लांबलचक यादीत नेटवर्क कंट्रोलर शोधायचा, त्याखाली वापरात असलेल्या ड्रायव्हरचे नाव असते. ते एकेक अक्षर तिने वाचून दाखवले. 'सुडो मॉडप्रोब', आडवी रेघ आर, आणि ते नाव: ड्रायव्हर उतरला. तोच हुकूम रेघ-आर न लावता: पुन्हा चढला. अल्हम्दुलिल्लाह, दहा-बारा सेकंदांत घरचे वायफाय दिसले.

पण रोज कोण हे लिहीत बसेल? रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोला गाठले. सिस्टिमडीच्या 'सिस्टिम-स्लीप' या फोल्डरात चार-पाच ओळींची फाइल ठेवली: झोपण्यापूर्वी ड्रायव्हर उतरव, उठल्यावर चढव. फाइलला चालवण्याची परवानगी द्यावी लागते. आम्ही तीच विसरलो आणि अर्धा तास डोके खाजवत बसलो. दुसऱ्याच्या यंत्रावरचे ड्रायव्हरचे नाव मात्र उतरवू नये, कार्ड वेगळे तर नाव वेगळे. आणि नवे कर्नल आले की फाइल काढून एकदा पाहावे. कधी कधी तेवढ्यानेच दोष गेलेला असतो.

टर्मिनलची भीती वाटणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल'मध्ये लिनक्सचे धडे मराठी आवाजातही आहेत. भाचीने तेच लावून ठेवले आहेत.

निघताना दुल्हाभाईंनी स्वतः झाकण चार वेळा मिटून उघडून पाहिले. भंगाराचा विषय निघाला नाही.