घराचं नाव प्रवासाला कशाला?

सासू-सासरे कंधारला आणि आपण नोकरीपायी नांदेड-पुणे, अशा घरात दाराशी कॅमेरा असला की जीवाला जरा स्वस्थता. पण जुन्या पद्धतीचे इंटरनेट-पत्ते जगभरात मिळून जेमतेम ४२९ कोटी! म्हणून कंपन्या घरोघरचे पत्ते अधूनमधून बदलतात. त्यावर तोडगा म्हणजे ‘डायनॅमिक डीएनएस’. आपण घेतलेलं नाव कायम राहतं, त्यापुढचा पत्ता सॉफ्टवेअर आपोआप बदलतं.

सोय छानच. पण हे सॉफ्टवेअर बहुधा लॅपटॉपवर टाकलं जातं आणि तिथेच गडबड होते. पुण्याच्या लॉजवर लॅपटॉप उघडला, की घराच्या नावापुढे लॉजचा पत्ता! कंधारचा कॅमेरा दिसेनासा होतो. शिवाय ते नाव ठाऊक असलेल्या कुणालाही आपण साधारण कुठल्या गावात आहोत, याचा सुगावा लागतो. एकटीनं प्रवास करणारीनं हे का चालवून घ्यावं?

माझं मत स्पष्ट आहे. पुष्कळशा राउटरमध्ये ही सोय असते. काम त्याच्याकडे सोपवा आणि लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर काढूनच टाका. मैत्रिणींनो, घराचा पत्ता घरात राहणाऱ्यानंच सांगावा, फिरस्त्यानं नव्हे!