काचेआडचा एकांत

२०१९ च्या जून महिन्यात युरोपात उष्णतेची मोठी लाट आली होती. त्या दिवसांत जर्मनीच्या ब्रांडेनबुर्ग राज्यात पोलिसांना रस्त्यावर एक दुचाकीस्वार दिसला. डोक्यावर हेल्मेट, पायांत सँडल. बाकी अंगावर चिंधीही नाही. पोलिसांनी थांबवून विचारणा केली, तेव्हा गरम होते आहे, एवढेच उत्तर मिळाले. त्याच्या संमतीने काढलेले छायाचित्र पोलिसांनीच समाजमाध्यमावर प्रसिद्ध केले आणि साऱ्या जगाची करमणूक झाली.

हसावे आणि विसरून जावे, असाच हा प्रसंग. मात्र त्याच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. दुचाकीचे सोडा, ती मुळातच उघडी. मोटारीचे काय? गाडी स्वतःच्या पैशाने घेतलेली, काचा बंद, दारे बंद. आत बसलेल्याने काय नेसावे, किंवा नेसावे की नाही, हे सांगणारे इतर कोण? व्यक्तिस्वातंत्र्याचा हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. तो तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण विवस्त्र वाहन चालवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असले, तरी ‘माझी गाडी म्हणजे माझी खोली’ असे मानणारे आज घराघरांत आहेत.

ज्या पाश्चात्त्य देशांचा दाखला या बाबतीत दिला जातो, तेथील कायदा काय सांगतो ते प्रथम पाहू. जर्मनीत विवस्त्र स्नानाची, मुक्तदेह संस्कृतीची परंपरा शंभराहून अधिक वर्षांची आहे. तेथे मोटारीत विवस्त्र बसणे हा स्वतंत्र गुन्हा नाही, कारण मोटारीचा अंतर्भाग खासगी मानला जातो. मात्र चालक दार उघडून रस्त्यावर उतरला आणि लोकांना त्याचा उपद्रव झाला, तर प्रशासकीय अपराधांविषयीच्या कायद्याचे कलम ११८ लागू होऊ शकते व दंड भरावा लागतो. म्हणजे मोकळीक आहे ती दाराच्या आतपुरती.

इंग्लंडमध्येही केवळ नग्नता हा गुन्हा नव्हे. २००३ च्या लैंगिक अपराध कायद्याचे कलम ६६ लागू होण्यासाठी समोरच्याला भय किंवा क्लेश व्हावा, असा हेतू सिद्ध व्हावा लागतो. तरीही सार्वजनिक सुव्यवस्थेचा १९८६ चा कायदा हाताशी असतोच. शिवाय तेथील वाहतूक संहितेच्या ९७ व्या नियमाने चालकाला बजावले आहे की, कपडे व पादत्राणे वाहनाची नियंत्रणे योग्य रीतीने वापरण्याच्या आड येता कामा नयेत. स्वातंत्र्याची माहेरघरे म्हणवणाऱ्या या देशांनीही रस्त्याला दिवाणखान्याचा दर्जा दिलेला नाही, हे ध्यानी घेतले पाहिजे.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे खासगी मोटारचालकासाठी पोशाखाचा नियम नाही. टॅक्सी व रिक्षा चालकांना गणवेश आणि बिल्ला बंधनकारक आहे. घरच्या गाडीला तसे बंधन नाही. २०१९ च्या सप्टेंबरात मोटार वाहन कायद्यातील वाढीव दंडांमुळे देशभर अफवांचे पीक आले, तेव्हा केंद्रीय परिवहनमंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाला जाहीर खुलासा करावा लागला. अर्ध्या बाह्यांचा सदरा किंवा लुंगी-बनियन घालून गाडी चालवल्याबद्दल दंडाची तरतूद नाही, असे त्यात स्पष्ट केले होते. भर उन्हात मैलोन्‌मैल मालवाहू गाडी हाकणाऱ्या चालकाला तो मोठाच दिलासा होता. आपला कायदा कपड्यांच्या बाबतीत मुळीच सोवळा नाही, हे यावरून दिसते.

परंतु लुंगी-बनियन आणि विवस्त्रता यांत केवळ दोन वस्त्रांचे अंतर नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ अन्वये सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असे अश्लील कृत्य केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पूर्वीच्या दंडसंहितेत हेच कलम २९४ होते. २०२० च्या नोव्हेंबरात गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचे छायाचित्र प्रसिद्ध केल्यावर अभिनेते मिलिंद सोमण यांच्याविरुद्ध गोवा पोलिसांनी याच कलमाखाली गुन्हा नोंदवला होता. एखाद्या स्त्रीचा विनयभंग करण्याच्या हेतूने कोणी तसे वागला, तर कलम ७९ ची तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहेच.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर १९५१ च्या पोलीस अधिनियमाचे कलम ११० अधिक बोलके आहे. रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी बुद्धिपुरस्सर असभ्यपणे अंग उघडे टाकण्यास ते मनाई करते. एवढ्यावर ते थांबत नाही. रस्त्यावरून दिसेल अशा रीतीने, मग ते एखाद्या घराच्या वा इमारतीच्या आतून का असेना, तसे वागण्यासही मनाई आहे. पक्क्या भिंतींच्या घराला जी सवलत नाही, ती चार काचांच्या मोटारीला कोठून मिळणार?

काचांचा विषय निघालाच आहे, तर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय आठवले पाहिजेत. पहिला अविषेक गोयंका प्रकरणातील, २७ एप्रिल २०१२ चा. मोटारींच्या काचांवर काळ्या फिती चिकटवून आत अंधार करण्याच्या प्रथेला न्यायालयाने त्यात पायबंद घातला. पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, या नियमावर न्यायालयाने बोट ठेवले. बंद काचांआड घडणारे गुन्हे ही त्यामागची एक चिंता होती. मोटारीच्या आतले बाहेरून दिसावे, ही कायद्याचीच अपेक्षा आहे. मग काचेचा आडोसा धरून एकांताचा दावा कसा करता येईल?

दुसरा निर्णय १ जुलै २०१९ चा. २०१६ साली झारखंडातील गिरिडीहहून पाटण्याकडे निघालेली एक मोटार बिहारच्या रजौली तपासणी नाक्यावर अडवण्यात आली. आतले प्रवासी मद्य प्यालेले आढळले. खासगी मोटार ही सार्वजनिक जागा नव्हे, असा बचाव सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने तो फेटाळला. खासगी मोटारीत शिरण्याचा हक्क लोकांना नसला, तरी ती सार्वजनिक रस्त्यावर असताना लोकांना तिच्याजवळ येण्याची संधी असतेच, हे न्यायालयाने दाखवून दिले. हा निर्णय बिहारच्या मद्यविषयक कायद्यापुरता होता, हे खरे. परंतु त्यातील तर्क कोणत्याही सुज्ञ माणसाला पटेल असा आहे. मोटार मालकाची असते. रस्ता मात्र सर्वांचा असतो.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. नग्नता म्हणजे अश्लीलता, असे समीकरण आपल्या न्यायालयांनी मान्य केलेले नाही. टेनिसपटू बोरिस बेकर यांच्या छायाचित्रावरून चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली समकालीन समाजाच्या मापदंडाने आणि संदर्भाने पाहण्याचा दंडक घालून दिला. ते योग्यच झाले. प्रश्न देहाच्या पावित्र्याचा किंवा अपावित्र्याचा नाहीच. प्रश्न आहे तो जागेचा आणि त्या जागेवर वावरणाऱ्या इतरांचा. शाळेच्या बसमधील मुले, सिग्नलला शेजारी थांबलेली दुचाकीवरची तरुणी, उंच आसनावरून खाली पाहणारा एसटीचा चालक, यांपैकी कोणीही त्या ‘स्वातंत्र्या’चा प्रेक्षक होण्यास संमती दिलेली नसते. आणि एका गाडीकडे वळलेले चार चालकांचे डोळे, तेवढ्या क्षणापुरते, समोरच्या रस्त्यावर नसतात.

कायदा बाजूला ठेवला, तरी शरीरशास्त्र आणि पदार्थविज्ञान उरतातच. ते कोणाच्या मतस्वातंत्र्याची पर्वा करीत नाहीत. अपघाताच्या क्षणी एअरबॅग सुमारे ३० मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवण्याच्या आत, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने फुगते. त्यासाठी रासायनिक प्रक्रियेतून निर्माण होणारा वायू तप्त असतो आणि तो पिशवीच्या छिद्रांतून लगेच बाहेर पडू लागतो. एअरबॅगमुळे प्राण वाचलेल्यांच्या हातांवर व छातीवर खरचटल्याच्या आणि भाजल्याच्या खुणा डॉक्टरांना परिचित आहेत. सीटबेल्टचेही तसेच. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारे शरीर तो पट्टा क्षणार्धात रोखतो; त्याचा वळ कपड्यांतूनही उमटतो. मधे सुती सदऱ्याचा एक पदर असणे आणि नसणे, यांतील फरक समजायला तज्ज्ञ लागत नाही. बाजूच्या काचा फुटल्यावर त्यांचे बारीक तुकडे होतात, त्यांचा पाऊस पडतो तो मांडीवर आणि कुशीतच.

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे आसन आणि पट्ट्याचे धातूचे कुलूप हात लावू देत नाही. उघड्या अंगाचा माणूस अशा वेळी काय करील? पट्टाच टाळील. २०२२ या एका वर्षात सीटबेल्ट न लावलेल्या १६,७१५ जणांचा देशातील रस्त्यांवर मृत्यू झाला, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाचा अहवाल सांगतो. गरम होते म्हणून कपडे टाकणारा आणि टोचते म्हणून पट्टा टाळणारा, हे दोघे एकाच वाटेचे प्रवासी आहेत. उकाड्यावर सुती कपडे आणि काचा खाली करणे, हे उपाय आपल्या वाडवडिलांनाही ठाऊक होते.

याउलट, ज्यांचा व्यवसायच वेगाशी झुंजण्याचा आहे, ते कसे वागतात? २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनच्या फॉर्म्युला वन शर्यतीत रोमां ग्रोजाँ यांची मोटार कठड्यावर आदळून दुभंगली आणि पेटली. सुमारे २८ सेकंद ते ज्वाळांत होते. बाहेर आले, तेव्हा मुख्य इजा भाजलेल्या हातांची होती. त्यांच्या जगण्यामागे अनेक सुरक्षा साधने होती, त्यांत अंगावरचा अग्निरोधक पोशाखही होता. जगातील सर्वांत कुशल चालक भर उन्हात पायघोळ, जाड वस्त्रे अंगावर चढवतात, आणि आपण मात्र वस्त्र ही केवळ लज्जेची बाब समजतो. वस्त्र हे लज्जेचे रक्षण करते, तसेच देहाचेही करते.

तथापि या सगळ्याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ चालकावर एक कर्तव्य सोपवते. आपल्या वाहनाच्या अपघातात कोणी जखमी झाला, तर जमावाचा क्षोभ किंवा आवाक्याबाहेरचे कारण नसल्यास, त्याला वैद्यकीय मदत मिळवून देण्यासाठी सर्व योग्य ते प्रयत्न चालकाने केले पाहिजेत. म्हणजे त्याने खाली उतरले पाहिजे. जखमीजवळ गेले पाहिजे. त्याला उचलले पाहिजे.

विवस्त्र चालक हे करील काय? रात्रीच्या वेळी घाटात एखादा सायकलस्वार त्याच्या गाडीखाली आला, तर त्याचा हात प्रथम दाराच्या मुठीकडे जाईल की वेग वाढवण्याकडे? चार लोक जमतील, भ्रमणध्वनीचे कॅमेरे उघडतील, उद्या नातेवाईक पाहतील, या धास्तीपुढे माणुसकी किती टिकाव धरील? आणि त्याचा चांगुलपणा टिकला, तरी कपडे शोधण्यात, चढवण्यात गेलेली मिनिटे त्या जखमीच्या आयुष्यातून वजा होतील. अपघातच कशाला, टायर फुटला तरी उतरून त्रिकोणी परावर्तक मागे नेऊन ठेवावा लागतो. बॉनेटमधून धूर आला, तर तत्क्षणी बाहेर पडावे लागते. मागच्या आसनावरच्या मुलाला घेऊन पळावे लागते.

वाहन चालवणे म्हणजे कोणत्याही क्षणी खाली उतरण्याची तयारी ठेवणे. परवाना देताना समाज हाच विश्वास टाकत असतो. ज्याला गाडीतून उतरता येणार नाही, तो गाडी चालवण्यास योग्य नव्हे, मग कारण मद्य असो, झोप असो वा विवस्त्रता असो. जनाची नाही तर मनाची तरी, असे आपण म्हणतो; रस्त्यावर मात्र मनाच्या आधी जनाचीच बाळगावी लागते, कारण तेथे प्रत्येकाचा जीव दुसऱ्याच्या हाती असतो.

या चर्चेत कोणीतरी दिगंबर मुनींचे उदाहरण देईल. ते जरूर द्यावे. मात्र पूर्ण द्यावे. दिगंबर जैन मुनी वस्त्राचा त्याग करतात, तसाच घराचा, धनाचा आणि वाहनाचाही. त्यांचा विहार पायी चालतो. ऊन असो, पाऊस असो, गावामागून गाव ते अनवाणी तुडवतात, पिंछीने वाट मृदूपणे झाडून जीवजंतू जपतात. गावकरी त्यांच्या पायांवर डोके ठेवतात ते वस्त्र नाही म्हणून नव्हे, तर पायाखालच्या मुंगीचीही चिंता आहे म्हणून. सर्वस्व सोडलेल्या माणसाच्या अंगावरून शेवटी वस्त्रही गळून पडले, एवढाच त्याचा अर्थ.

मोटार, वातानुकूलन, वेग, सारे काही हवे आणि सोडायचे ते फक्त वस्त्र, याला त्याग म्हणत नाहीत. आणि शेजारच्या वाटसरूची चिंता नसेल, तर त्याला स्वातंत्र्यही म्हणत नाहीत. वस्त्र सोडायचेच असेल, तर आपल्या परंपरेने क्रम घालून दिला आहे. आधी गाडीची किल्ली खाली ठेवावी.