फेसलेले तूप आणि मुलांचे हात

मराठी घरांतील पाककृती छापील पुस्तकांत उतरू लागल्याला शतकाहून अधिक काळ लोटला आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले. तरीही पदार्थ कोणत्या क्षणी साधला हे ओळखण्याची पारख पुस्तकात अर्धीच उतरते. उरलेली अर्धी जाणत्या माणसाच्या शेजारी बसून, हात पिठात घालूनच मिळते.

नानकटाईवरून हे चांगले ध्यानात येते. या बिस्किटाचा उगम परंपरेने सुरतेतील डच वखारीच्या काळातील भट्ट्यांशी जोडला जातो. घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा मैदा, तूप आणि साखर बेकरीत नेऊन तेथील भट्टीत नानकटाई भाजून घेण्याची आणि पत्र्याचे डबे भरून घरी आणण्याची पद्धत महाराष्ट्रातील अनेक गावांत होती, तर काही घरांत जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून, झाकणावर निखारे ठेवून तेच काम साधले जाई.

या पदार्थाचे सारे मर्म तूप फेसण्यात आहे. फेसणे म्हणजे थिजलेले तूप पिठीसाखरेसह तळहाताने एकाच दिशेने घोटत राहणे. त्यात हवा कोंडली जाऊन ते पांढरे व हलके होते, आणि त्याचा लहानसा गोळा पाण्यात टाकल्यावर तरंगला की ते तयार झाले असे मानतात. पुढे मैदा मिसळताना तुपाचा थर पिठाच्या कणांना वेढतो, त्यामुळे पिठातील चिवटपणा वाढत नाही व नानकटाई खुसखुशीत होते. याउलट पीठ फार मळले तर ती कडक होते. करंजीच्या पिठात घालतात ते मोहन, म्हणजे कडकडीत तापवलेले तूप किंवा तेल, हेच कार्य करते, आणि मोहन पुरेसे झाले की नाही हे पिठाचा मुटका वळून, म्हणजे ते मुठीत दाबून, पाहिले जाते. भट्टीतून काढलेली नानकटाई गरम असताना मऊच लागते व गार झाल्यावर घट्ट होते, हे ठाऊक नसलेला नवखा ती हमखास जास्त भाजतो.

मुलांना बहुतेक घरांत केवळ वरून पिस्त्याचा काप लावण्याचे काम मिळते, आणि ते फार अपुरे आहे. गोळा तरंगतो का हे पाहण्याचा आणि तूप अजून फेसायचे की थांबायचे हे ठरवण्याचा अधिकारही त्यांना मिळायला हवा, कारण पारख निर्णय घेतल्यानेच तयार होते. हे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या मुलींपुरते राखले गेले, ही या परंपरेतील मोठी उणीव होय. येत्या दिवाळीत तुपाची परात मुलीबरोबर मुलासमोरही ठेवावी, आणि पहिला घाणा बिघडला तरी ती काढून घेऊ नये.